शॉकअपला हात लावा!



"सायकलचा शॉकअप उघडू नका, ते आपलं काम नाही," असं दुकानात सरसकट सांगतात. मला ते अजिबात पटत नाही. आमच्या पिढीने पुढच्या चाकाचे छर्रे परातीत काढून, रॉकेलने धुऊन, ग्रीस भरून परत बसवले. तेव्हा कुणी परवानगी मागितली नव्हती.

आता तळ्यातही शाळेच्या पोरांकडे जाड टायरच्या, पुढे शॉकअप असलेल्या सायकली दिसतात. इथला पाऊस, तांबडा चिखल आणि मांदाडच्या खाडीकडून येणारी खारी हवा, या तिघांपुढे तो शॉकअप किती टिकणार? दिवाळीपर्यंत चकचकीत नळ्यांवर गंजाचे ठिपके येतात आणि चिमटा दाबला तरी दबत नाही. मग सल्ला मिळतो, "पूर्ण बदला." बाप खर्च ऐकतो, सायकल गोठ्यामागे जाते आणि पोर पुन्हा मिनीडोरमध्ये कोंबून शाळेला जातं. माझा राग आहे तो यावर.

मुळात ही वस्तू मोटारसायकलवरून आली. मोटारसायकलच्या दुनियेतल्या पॉल टर्नर यांनी अमेरिकेत १९८९ साली रॉकशॉक्स ही कंपनी काढली आणि डोंगरातल्या सायकलींना असे चिमटे मिळू लागले. हीच कंपनी आपल्या अनेक चिमट्यांसाठी सांगते की दर ५० तासांनी खालचे पाय काढून साफ करा, तेल बदला. आता गणित करा. पोर रोज जाऊन-येऊन तासभर सायकल चालवत असेल, तर शाळेचे ५० दिवस झाले की वेळ आलीच! दर वेळी सायकल टेम्पोत घालून पुण्या-मुंबईला कोण नेणार?

आपल्याकडच्या स्वस्त सायकलींत बहुधा आत साधी स्प्रिंग आणि ग्रीस असतं, तेल नसतंच. पुढचं चाक आणि ब्रेक सोडवायचा. प्रत्येक पायाच्या तळाशी बोल्ट असतो, तो ढिला करायचा. पाय अडकला तर लाकडाचा ठोकळा धरून हलकेच ठोकायचं, की खालचा भाग सरळ ओढून निघतो. आतला काळा चिखल बघून घरची मंडळी नाक मुरडतील, मुरडू द्या. जुन्या सुती धोतराने पुसायचं, शॉकअपसाठी मिळणारं ग्रीस आतल्या बाजूला लावायचं आणि परत जोडायचं. दुपारभराचं काम. तळाशी बोल्टच नसेल, तर तो चिमटा उघडण्यासाठी केलेलाच नाही, तिथे नाद सोडावा.

हवेच्या शॉकअपची गोष्ट वेगळी. आधी वरच्या व्हॉल्व्हमधून सगळी हवा सोडल्याशिवाय पान्ह्याला हातसुद्धा लावू नये. हवा भरलेली असताना उघडला तर सुटा भाग गोळीसारखा उडू शकतो. खालच्या पायांत वंगणापुरतं थोडंसंच तेल असतं. किती मिली आणि कुठलं, ते कंपनीच्या तक्त्यात मॉडेलप्रमाणे दिलेलं असतं, अंदाजाने ओतायचं नाही. सीलखालच्या स्पंजाच्या कड्या त्याच तेलात भिजवायच्या. मात्र एका पायात धक्का जिरवणारी बंद तेलाची नळी असते, ती मात्र जाणकाराकडेच द्यावी. घरी करा म्हणजे सगळंच करा असं मी म्हणत नाही.

वॉरंटीचं भय दाखवतात, पण गंज आणि झीज वॉरंटीत सहसा धरतच नाहीत. शिवाय निम्मी निगा तर पान्ह्याशिवाय होते. पावसातून आल्यावर नळ्या कोरड्या फडक्याने पुसा. सीलवर पाण्याचा जोरदार फवारा मारू नका आणि गंज सोडवायचा स्प्रेही नको, तो आतलं ग्रीस धुऊन नेतो. आमच्याकडे पोरं हौसेने तोच मारतात!

भाचेमंडळींना एक सांगतो. पोराला फक्त शाळेलाच जायचं असेल, तर साधा घट्ट चिमटा असलेली सायकल घ्या. वजन कमी, कटकट कमी. पण कुडा लेण्यांकडच्या खडबडीत वाटांवर फिरायची हौस असेल, तर शॉकअप जरूर घ्या आणि सोबत ॲलन कीचा संच आणि ग्रीसची ट्यूबही घ्या.

आणि हो, निघालेलं जुनं तेल परसात ओतू नका. आपल्याकडे विहिरी परसातच असतात. बाटलीत भरून गॅरेजवाल्याला द्या.