बंदोबस्ताचं बिल

आषाढी जवळ आली की वैरागच्या एस. टी. स्टँडवर एखादा तरी पोलीस पंढरपूरची गाडी बघत उभा असतो. पाठीवर सॅक, हातात काठी, रेनकोटाच्या घडीत चटणी-भाकरीचं फडकं. चार-आठ दिवस चंद्रभागेच्या वाळवंटात उभं राहायचं, झोप मिळेल तिथे घ्यायची. गावात मागे माणसं कमी पडतात, पण कुणी कुरकुरत नाही. वारीला तिकीट नाही, मालक नाही. तिचा खर्च सरकारी तिजोरीतूनच व्हायचा, आणि व्हावा. क्रिकेटच्या बंदोबस्ताचं कोडं मात्र मला सुटत नाही. आयपीएलच्या प्रक्षेपणाचे हक्क २०२३ ते २०२७ या पाच वर्षांसाठी ४८,३९० कोटींना गेले. तरी जून २०२३ मध्ये आपल्या सरकारने टी-२० सामन्याच्या बंदोबस्ताचा दर ७० लाखांवरून १० लाखांवर आणला, तोही थेट २०११ पासून! मुंबई क्रिकेट असोसिएशनकडे पोलिसांची १४ कोटी ८२ लाखांची थकबाकी होती, तीही या हिशोबात पातळ झाली. प्रकरण जनहित याचिकेतून मुंबई उच्च न्यायालयात गेलं. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयानेच सरकारला विचारलं, झोपडपट्टीतल्या माणसाची पाणीपट्टी वाढवता आणि इथे सूट कशी देता? आमच्याकडे घरपट्टी थकली की नोटीस येते, मागच्या तारखेने माफी आलेली मी तरी पाहिली नाही. वानखेडे स्टेडियमवरच्या बंदोबस्ताचं बिल क्रिकेटवाल्यांनीच पूर्ण भरावं.