मीठ न घालायची भाजी

वसई, उरण, अलिबागकडच्या बाजारात कोळी-आगरी बायकांच्या टोपलीत कधीमधी बारीक, गुबगुबीत पानांचे वाटे दिसतात. हिरवे, शेंड्याला जरा लालसर. ही मोरस. नवखं गिऱ्हाईक ती हौसेने घरी नेतं, सवयीने फोडणीत चमचाभर मीठ टाकतं आणि भाजी तोंडात घालवत नाही.

खाडीकाठच्या खाजणात, मिठागरांच्या बांधांवर मोरस आपोआप उगवते. वनस्पतिशास्त्रात ती सुएडा. पालक, माठ आणि बीटच्याच कुळातली. शोषलेलं मीठ ती पेशींमधल्या पोकळ्यांत कोंडून ठेवते आणि त्याच्या जोडीला पाणी साठवते. पानं रसाळ आणि खारट असतात ती यामुळे. कोवळे शेंडे खुडून, धुऊन उकडायचे, पाणी ओतून देऊन घट्ट पिळायचे. मीठ उतरतं, ऑक्झलेटही कमी होतं. मग कांदा, लसूण, हिरवी मिरची आणि सुका जवळा. शाकाहारी घरांत भिजवलेली चणाडाळ घालतात. तीही चांगली लागते, पण जवळ्याची सर नाही.

या खारटपणाची किंमत इतरांनी ओळखली. पंजाब-सिंधकडे याच कुळातली झुडपं जाळून सज्जीखार काढत. पापडात पडायचा तो हाच. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने मोरशीच्या भावकीतल्या सॅलिकॉर्नियापासून वनस्पतिजन्य मीठ काढलं, त्याचं पेटंटही घेतलं.

आपल्याकडे मोरशीची जमीनच हिशेबात नाही. तिवरांच्या मागे निदान कायदा उभा आहे: 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांची नासधूस हा जगण्याच्या मूलभूत हक्कावरचा घाला ठरवला. मिठागरांच्या उघड्या खारट जमिनीला मात्र सगळे बिनदिक्कत पडीक म्हणतात. 2024 मध्ये धारावी पुनर्विकासातल्या घरांसाठी कांजूर, भांडुप, मुलुंडची सुमारे 256 एकर मिठागरं घ्यायचं ठरलं. घरं हवीत, यात वाद नाही. पण जिथे भरतीचं पाणी पसरतं आणि माणसांची भाजी उगवते, ती जमीन पडीक कशी?

मोरस मिळाली तर जरूर घ्यावी. विकणाऱ्या मावशींना खाडी कुठली, तेवढं विचारावं. नाल्याच्या किंवा कारखान्याच्या तोंडाशी खुडलेली नको. अशी झाडं मिठासोबत जड धातूही ओढून घेतात. आणि रक्तदाब असेल, तर उकडल्यावरही दोन घासांवर थांबावं.