ओसरीवरून : देवाचे काम आणि गावचे राजकारण

श्रीरामपूरच्या बाजूच्या एका खेड्यातून एका तरुण वाचकाचे पत्र आले आहे. नाव-गाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे, ती आपण पाळू. घराणे तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. दोन एकर जमीन, दावणीला तीन गाई. दर रविवारी उपासना चुकत नाही. मंडळीतल्या तरुणांना घेऊन ते संध्याकाळी मुलांची अभ्यासिका चालवतात. टंचाईच्या उन्हाळ्यात टँकरचे पाणी सर्व आळ्यांना सारखे मिळावे म्हणून पहाटेपासून उभे राहिले. ती धडपड पाहून गावाने त्यांना दूध संस्थेच्या निवडणुकीत उभे केले आणि निवडूनही आणले.

आता खरी अडचण सुरू झाली. दोन-चार लिटर दूध घालणाऱ्या गरिबांच्या दुधाचा फॅट कमी नोंदला जातो, हे संचालक झाल्यावर त्यांच्या ध्यानात आले. बोलावे, तर ज्यांनी निवडून आणले तेच दुरावणार. प्रकरण वाढले तर संस्थेवर प्रशासक येईल, पगार थांबेल आणि झळ गरिबांनाच लागेल. वडील म्हणतात, "बाबा, आपण देवाचे काम करावे, राजकारणात पडू नये." पत्राच्या शेवटी त्यांनी विचारले आहे, "सेवा कुठे संपते आणि राजकारण कुठे सुरू होते? विश्वासणाऱ्याने त्या रेषेच्या अलीकडेच थांबावे काय?"

मंडळी, मी काही धर्मशास्त्री नाही. उपदेश करण्यापेक्षा हाच प्रश्न जन्मभर छातीवर घेऊन वावरलेल्या एका माणसाची हकीगत सांगतो. माणूस जपानचा. नाव तोयोहिको कागावा. शेतकऱ्यांशी आणि सहकाराशी त्यांचे जवळचे नाते होते, म्हणून तुम्हा-आम्हाला ते परके वाटायचे नाहीत.

कागावांचा जन्म १८८८ सालचा, कोबे या बंदराच्या शहरातला. वडील सधन, पण आई त्यांची लग्नाची बायको नव्हे. पाच वर्षांचे व्हायच्या आतच पोरगा आई-बापाविना पोरका झाला आणि वडिलांच्या लग्नाच्या बायकोकडे तोकुशिमाला गेला. त्या घरात माया नव्हती. शाळेत असताना दोन अमेरिकन मिशनऱ्यांनी इंग्रजी शिकवता शिकवता त्याला लळा लावला. १९०४ साली त्याने बाप्तिस्मा घेतला. चुलत्याला ते रुचले नाही आणि घराचा आधार सुटला. त्यात क्षयाचे दुखणे जडले.

पुढे पाळक होण्याचे शिक्षण चालू असतानाच, १९०९ सालच्या नाताळच्या आदल्या दिवशी, हा एकवीस वर्षांचा तरुण कोबेच्या शिन्कावा नावाच्या झोपडवस्तीत राहायला गेला. खोली मिळाली ती खून झालेली. भुताच्या भयाने तिथे कोणी राहत नव्हते. आजारी, दारुडे, बेकार, ज्याला निवारा नाही तो कागावांच्या खोलीत. ज्याला जेवण नाही तो त्यांच्या ताटात. तिथेच त्यांना डोळ्यांची खुपरी जडली आणि जन्मभर दृष्टी अधू राहिली.

त्या वस्तीत एक भयंकर व्यवहार चाले. नको असलेली तान्ही मुले थोडे पैसे घेऊन सांभाळायला म्हणून घ्यायची आणि हळूहळू उपाशी मरू द्यायची. अशा लेकरांची प्रेते कागावांनी पुरली. एक मरणपंथाला लागलेले मूल त्यांनी आपल्याजवळ ठेवून दूध पाजून जगवायचा यत्न केला.

आपल्या घरात दूध उतू जाऊ लागले की आपण फुंकर घालतो. क्षणभर ते खाली बसते. पण चुलीतला जाळ ओढल्याशिवाय काही खरे नाही. कागावांना हेच उमगत गेले. एकाला औषध दिले तर दुसऱ्या दिवशी दारात दहा उभे. मजुरी पोटापुरती नाही, घर माणसाच्या राहण्याजोगे नाही, आणि ज्याला हे बदलायचे त्याला मताचा अधिकार नाही. मग किती दिवस नुसती फुंकर घालायची?

१९१३ साली त्यांचे लग्न झाले. पत्नी हारु छापखान्यात कामाला होत्या आणि वस्तीतल्या कामात त्यांच्या बरोबरीने उतरल्या. पुढे १९२१ साली कष्टकरी बायकांची संघटना उभी करण्यात हारुबाई पुढे होत्या. मध्यंतरी कागावा अमेरिकेला शिकायला गेले आणि १९१७ साली परत आले, ते मजूर संघटनेचा विचार पक्का करूनच. १९२० साली त्यांची आत्मकथेच्या वळणाची कादंबरी निघाली आणि तुफान खपली. ते पैसे घरात न ठेवता चळवळीत घातले.

१९२१ साली कोबेच्या जहाज कारखान्यांत मोठा संप झाला. कागावा मोर्च्याच्या पुढे होते आणि हात उगारायचा नाही, हे त्यांचे सांगणे होते. संप फसला, कागावांना अटक झाली. सुटून आले तर मजुरांतले जहाल लोक म्हणू लागले की हा मऊ माणूस आपल्या कामाचा नाही. मालक त्यांना आगलावे म्हणत आणि मजूर पुढारी भित्रे म्हणत. मधल्या वाटेने चालणाऱ्याला दोन्हीकडचे धोंडे खावे लागतात ते असे.

मग ते शेतकऱ्यांकडे वळले. त्या काळी जपानात बरीच शेती कुळांच्या हाती होती. कूळ चिखलात उभे राहून भात पिकवी आणि जवळजवळ निम्मे भात खंड म्हणून जमीनमालकाला घाली. आपल्याकडच्या अर्धेलीचाच तो भाऊ म्हणा ना! एप्रिल १९२२ मध्ये कागावा आणि सुगियामा मोतोजिरो यांनी जपानी शेतकरी संघ स्थापन केला. सुगियामाही ख्रिस्ती पाळकच. खंड कमी करा आणि कुळाला जमिनीवरून हुसकू नका, या मागण्या घेऊन संघ गावोगाव पसरला.

त्याआधीच्या वर्षी, १९२१ मध्ये, कोबे आणि शेजारच्या नादा भागात त्यांच्या पुढाकाराने ग्राहकांच्या सहकारी संस्था निघाल्या होत्या. रोजचा किराणा गृहिणींना रास्त भावात मिळावा हा हेतू. त्या दोन संस्था १९६२ साली एक झाल्या आणि आज त्या संस्थेचे दहा लाखांहून जास्त सभासद आहेत. आपल्या प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. म्हणजे हे बी तिकडे त्याच्या आधी तीस वर्षे रुजले होते.

शेतकऱ्यांसाठी ते हिवाळ्यात, कामे थंडावली की, आपल्या घरी शाळा भरवीत. तरुण शेतकरी तिथेच मुक्कामाला असत. सकाळी बायबल, मग माती, पिके, सहकार आणि हिशेब. डोंगरउतारावर धान्याचा हट्ट धरला की माती वाहून जाते, तिथे अक्रोडासारखी झाडे लावा, झाडाखाली जनावरे पाळा, मधमाश्या ठेवा, असे ते सांगत. माती वाचवणे हेही त्यांच्या लेखी देवाचेच काम होते.

राजकारणाचे काय? सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार मिळावा म्हणून कागावा हिरिरीने बोलत राहिले. तो कायदा १९२५ साली झाला. त्यानंतर शेतकरी-मजुरांचा पक्ष काढण्यात त्यांचा हात होता. पण पक्षात फाटाफूट माजली तेव्हा ते बाजूला झाले. कुळाच्या मागणीला कायद्याचे बळ लागते आणि कायदा करायला मत लागते, एवढे त्यांना पुरते कळले होते.

आता त्यांच्या चुकाही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर ही हकीगत आरतीच होऊन बसेल. १९१५ साली गरिबांच्या मनोवृत्तीवर त्यांनी जे पुस्तक लिहिले, त्यात जपानातल्या अस्पृश्य गणल्या गेलेल्या बुराकुमिन समाजाबद्दल अत्यंत अपमानकारक मजकूर आहे. ज्यांच्यात राहिले, ज्यांचे दुखणे काढले, त्यांच्याविषयीचाच हा पूर्वग्रह. सेवा करणाऱ्याच्या मनातही उच्च-नीचतेचे जळमट राहू शकते, हे आपल्या देशात वेगळे सांगायला नको.

आणि आता पत्रलेखकांच्या प्रश्नाच्या अगदी गाभ्याला भिडणारा प्रसंग. १९३७ पासून जपानी फौजा चीनमध्ये घुसल्या होत्या. १९३८ च्या डिसेंबरात मद्रासजवळ तांबरम येथे जगभरच्या ख्रिस्ती प्रतिनिधींची परिषद भरली, तिला कागावा आले. तिथून जानेवारी १९३९ मध्ये ते बार्डोलीला महात्मा गांधींना भेटले. १९२८ साली ज्या तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी वल्लभभाईंच्या नेतृत्वाखाली साराबंदी केली, तेच हे बार्डोली.

गांधीजींनी विचारले, जपानातल्या लोकांना या युद्धाबद्दल काय वाटते? कागावा म्हणाले, माझे मत तिकडे पाखंडी ठरते, माझ्या जागी आपण असता तर काय केले असते ते सांगा. गांधीजींचे उत्तर सरळ होते. मी माझे मत उघड बोललो असतो आणि गोळी खाल्ली असती. एका पारड्यात तुमच्या सहकारी संस्था आणि तुमचे सारे काम टाका, दुसऱ्या पारड्यात देशाची इज्जत. ती इज्जत विकली जाते आहे असे दिसले तर बोला आणि मरण पत्करा. कागावांनी कबूल केले की मनाची खात्री आहे, पण मित्र आवरा म्हणतात.

मित्रांचे म्हणणे तरी खोटे कुठे होते? कागावा तुरुंगात गेले तर संस्था बुडतील, शाळा बंद पडतील, गरिबांचा आधार जाईल. संस्था उभारणाऱ्या प्रत्येक माणसाच्या कानाशी हे वाक्य कधी ना कधी येते.

कागावा काय वागले? चिनी जनतेची त्यांनी जाहीर क्षमा मागितली होती. युद्धविरोधी लिखाणासाठी ऑगस्ट १९४० मध्ये लष्करी पोलिसांनी त्यांना उपासना आटोपताच पकडले आणि काही आठवड्यांनी सोडले. पण पुढे महायुद्ध पेटल्यावर याच कागावांनी जपानी नभोवाणीवरून अमेरिकेवर टीका करणारी भाषणे केली. त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यांनाही ती बोचली. पारडे एकदा इकडे झुकले, एकदा तिकडे. गोळी त्यांनी खाल्ली नाही. मी कोण त्यांना दोष देणार? एवढे मात्र दिसते की वीस-पंचवीस वर्षे गरिबांसाठी निर्भयपणे बोललेल्या माणसालाही ऐन वेळी बोलणे सोपे गेले नाही.

युद्धानंतर १९४६ च्या कायद्यांनी जपानात मालकांची जमीन सरकारने घेऊन कुळांना विकली. कायदा परकीय सत्तेच्या दबावाखाली झाला हे खरे, पण कुळांच्या हक्कांचा प्रश्न शेतकरी संघाने त्याच्या कितीतरी आधी ऐरणीवर आणला होता. आपल्याकडे १९४८ चा कूळ कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन ज्यांच्या घरात आला, त्यांना या गोष्टीचे मोल सांगायला नको. कागावा २३ एप्रिल १९६० रोजी तोक्योत वारले.

आता पत्रलेखक बंधूंना माझे म्हणणे. तुमचे वडील ज्याला राजकारण म्हणतात ते गटबाजीचे, पाडापाडीचे आणि ओल्या पार्ट्यांचे. त्यापासून दूर राहा हा त्यांचा सल्ला सोन्यासारखा आहे. मताच्या बेरजेसाठी मंडळीच्या नावाचा वापरही कधी करू नका. पण गरीब बाईच्या चरवीतला फॅट कापला जातो आणि तुम्ही संचालकाच्या खुर्चीवर गप्प बसता, तर तेही राजकारणच झाले, फक्त कापणाऱ्याच्या बाजूचे. पाण्याच्या टँकरपाशी उभे राहणे ही सेवा आणि काट्यापाशी उभे राहणे हे राजकारण, अशी रेघ मला तरी ओढता येत नाही.

मात्र धावत जाऊन आगही लावू नका. आधी दोन-तीन विश्वासू उत्पादक सोबत घ्या. त्यांनी रोजच्या पावत्या जपून ठेवाव्यात. आपल्या व्यवहाराच्या नोंदी पाहायला मागण्याचा हक्क सहकारी कायद्याने सभासदाला आहे, तो त्यांनी लेखी अर्ज करून वापरावा. संचालक मंडळात एकच साधा ठराव मांडा : दूध घालणाऱ्याच्या डोळ्यांदेखत फॅट काढायचा आणि आकडा त्याच वेळी पावतीवर द्यायचा. यात कोणावर आरोप नाही. ज्याच्या मनात काळेबेरे नाही तो विरोध करणार नाही. ठराव फेटाळला तर तुमचे मत इतिवृत्तात नोंदवून घ्या, वार्षिक सभेत प्रश्न लेखी विचारा, आणि एवढ्यानेही भागले नाही तर निबंधकांकडे जा. हे सारे शांतपणे, कोणाला शिवी न देता.

आणि किंमत द्यायची तयारी ठेवा. पुढच्या वेळी तिकीट मिळणार नाही. कदाचित तुमच्याच दुधाला खोट काढतील. घरात आधी हे बोलून घ्या, कारण झळ साऱ्यांनाच लागणार आहे. वडिलांनाही हे पत्र आणि हे उत्तर वाचून दाखवा.

माळकऱ्याने, नमाज्याने किंवा उपासकाने देवळातून, मशिदीतून, मंदिरातून बाहेर पडल्यावर मापात काय केले, यावरूनच त्याचा देव गावाला कळतो. संस्थेत पुढे काय झाले ते कळवा. यश आले तरी कळवा, नाही आले तरी कळवा. ओसरीवर तुमच्यासाठी जागा आहेच.