रस्त्यावरचा कुत्रा कोणाचा?

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी धारगळहून पेडण्याकडे येताना आमच्या गाडीखाली एक कुत्रा आला. अंधार पडू लागला होता, पावसाची भुरभुर होती, आणि आम्ही थांबलो नाही. आजारी माणूस वाट पाहत आहे, असे आम्ही मनाला सांगितले. ते खोटे नव्हते, पण खरे कारणही ते नव्हते. पुढच्या तिठ्यावर पाचसहा माणसे उभी होती, आणि आम्हांस त्यांची भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या जागी परत गेलो. कुत्रा कोणीतरी ओढून गटाराच्या कडेला टाकला होता. जवळच्या घरातील म्हातारीला विचारले, "आजी, हा तुमचा का?" ती म्हणाली, "आमचा नव्हे, फादर. रोज जेवायला यायचा तेवढाच." मध्यरात्रीपर्यंत तो विव्हळत होता, हेही तिने सांगितले.

तेव्हापासून हा प्रश्न आमच्या डोक्यातून जात नाही. पत्रादेवीपासून येणारा हमरस्ता चौपदरी झाला, जानेवारी २०२३ पासून मोपाचा विमानतळ सुरू झाला, आणि रात्री-बेरात्री भाड्याच्या गाड्या धावू लागल्या. डिचोलीकडे खाणीचे टिप्पर आहेतच. कुत्र्याला मात्र रस्ता पूर्वीचाच वाटतो. पावसाळ्यात सगळे आवार ओले असते, डांबर तेवढे लवकर सुकते, म्हणून तो तिथेच अंग टाकतो.

कायदा काय सांगतो? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १३२ वे कलम वाचण्यासारखे आहे. अपघातात माणूस, जनावर किंवा दुसरे वाहन सापडले आणि पोलीस अधिकाऱ्याने थांबण्यास सांगितले, तर चालकाने थांबले पाहिजे. मग 'जनावर' म्हणजे कोण, त्याची यादी दिली आहे : घोडा, गुरे, हत्ती, उंट, गाढव, खेचर, मेंढी, शेळी. हत्ती आहे, उंट आहे, कुत्रा नाही! इंग्लंडमध्ये असाच कायदा आहे, तिथे यादीत कुत्रा आहे आणि मांजर नाही. ज्याचे बाजारात मोल, त्याचीच मोजदाद, असा जुन्या कायदेकारांचा हिशेब दिसतो.

मुंबईत एप्रिल २०२० मध्ये मरीन ड्राइव्हवर घरपोच जेवण पोहोचविणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या मोटारसायकलसमोर कुत्रा आला. कुत्रा मेला, पोरगाही पडून जखमी झाला. एका प्राणिप्रेमी व्यक्तीने तक्रार केली आणि पोलिसांनी माणसाच्या जिवाला धोका केल्याची कलमे लावली. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे व पृथ्वीराज चव्हाण ह्यांनी तो खटला रद्द केला. पाळणाऱ्याला कुत्रा मुलासारखा असला तरी तो माणूस नव्हे, आणि मुद्दाम मारले नसेल तर जनावर मारल्याचे कलमही लागत नाही, असे त्यांनी ठरविले. वर त्या मुलाला वीस हजार रुपये देण्याचा हुकूम सरकारला केला. ते अधिकाऱ्यांकडून वसूल करायचे होते. ह्याच न्यायालयाचा अधिकार गोव्यावरही चालतो. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जनावर मारण्या-जायबंदी करण्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे, पण तिथेही हेतू किंवा जाणीव लागतेच.

आम्हांस हा निकाल योग्य वाटतो. पण गुन्हा नाही म्हणजे देणे नाही, असा त्याचा अर्थ कोणी काढू नये. त्या संध्याकाळी आम्ही गुन्हा केला नव्हता. तरी तो प्राणी पाच-सहा तास तळमळला, आणि दहा मिनिटे थांबलो असतो तर त्यातले बरेच टळले असते.

मग आम्ही पळालो का? इथे वाचकांना थोडे कडू लागेल. डिचोली तालुक्यातला एक तरुण आम्हांला ठाऊक आहे. त्याच्या स्कूटरखाली कुत्रा आला, तो उतरून त्याला उचलू लागला, आणि दोन थपडा खाऊन तीन हजार रुपये मोजून घरी आला. कुत्रा जिवंत असताना त्याच्या गळ्यात पट्टा नव्हता. मेल्यावर मालक धावत आला! थांबणाऱ्याला मार आणि पळणाऱ्याला काहीच नाही, हा रिवाज आपणच पाडला आहे. मग टिप्परवाला कशाला थांबेल? वाड्यावरच्या माणसांनी एवढे जरी ठरविले की जो थांबला त्याला पाणी द्यायचे, त्याच्या अंगाला हात लावायचा नाही, तरी पुष्कळ होईल.

आणि मालक? आपल्या गावात कुत्रा भातशेतीत डुकरांवर भुंकतो, काजूच्या बागायतीत माकडे हाकलतो, रात्री पडवीत निजतो. कामाला तो आपला, लस टोचायला कोणाचाच नव्हे. नको असलेली पिल्ले गोणीत घालून बाजारात सोडून येणारेही आहेत. जनावर असे उपाशी मरायला टाकणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे, पहिल्या वेळी दंड दहा ते पन्नास रुपये. आज पन्नास रुपयांत कुत्र्याला पट्टाही येणार नाही. खरोखर बेवारशी कुत्र्यांची नसबंदी व लस ही २०२३ च्या नियमांप्रमाणे पंचायत-पालिकांची जबाबदारी आहे. ग्रामसभेत हा विषय कोणी काढतो का, ते आपापल्या गावात पाहावे.

आता थांबायचे कसे, तेही सांगतो. कुत्रा समोर आला तर हँडल एकदम वळवू नका. सरळ रेषेत ब्रेक लावा. कुत्रा चुकविताना दुचाकीवाला समोरच्या गाडीखाली जातो, आणि ते नुकसान भरून येत नाही. थांबल्यावर गाडी कडेला घेऊन दिवे लुकलुकत ठेवा. जखमी कुत्रा ओळखीचा असला तरी चावतो, म्हणून तोंडाजवळ हात नेऊ नका. अंगावर गोणपाट टाका, फळीवर किंवा जाड चादरीवर सरकवून रस्त्याबाहेर घ्या. दूध पाजू नका, माणसाच्या दुखण्याच्या गोळ्या देऊ नका. त्या कुत्र्याला विष ठरू शकतात. उठून चालू लागला तरी हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील तर आत रक्तस्राव असू शकतो, त्याला गुरांच्या डॉक्टरकडे न्यावे.

चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी आरोग्य केंद्रात जाऊन लस सुरू करा आणि सांगितलेल्या तारखा चुकवू नका. गोव्यात २०१४ पासून मिशन रेबीजच्या मोहिमेत कुत्र्यांना मोठ्या प्रमाणावर लस टोचली गेली, तिचा गुणही आला. पण रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर उपाय उरत नाही, म्हणून अंगावर काढू नये.

त्या म्हातारीकडे आम्ही परवा पुन्हा गेलो होतो. तिच्याकडे आता एक तांबूस पिल्लू आहे. दिवेलागणीला ती त्याला पडवीच्या खांबाला बांधते आणि सकाळी पोदेर येऊन गेला की सोडते. मेलेल्या कुत्र्याबद्दल आम्ही काही देऊ केले, ते तिने घेतले नाही. दोरीचे आणि लसीला नेण्याच्या रिक्षाचे पैसे तेवढे घेतले.