घराची आठवण एकटीनेच का ठेवायची?

मैत्रिणींनो, गॅस कधी संपणार, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या किती उरल्यात, शाळेची फी कोणत्या तारखेला, दूधवाल्याचे किती झाले... हे सगळं घरात कुणाच्या डोक्यात असतं? विचारायलाच नको! आणि मग आपण चार दिवस माहेरी गेलो, की फोनवर फोन. ‘अगं, वीजबिल कुठं ठेवलंयस?’ ‘आई, माझं बोनाफाइड सापडत नाहीये!’ ‘तुझ्यावाचून पान हलत नाही,’ हे ऐकायला गोड वाटतं खरं. पण उद्या आपणच दवाखान्यात अ‍ॅडमिट झालो, तर सासूबाईंची गोळी कोण देणार?

म्हणून मला वाटतं, ही आठवण ठेवण्याचं काम आता वाटून घ्यायला हवं. हातातला फोन त्यासाठी पुरेसा आहे. नवं काही विकत आणायला नको.

सुरुवात अलार्मपासून करा. अलार्मला नाव देता येतं, रोज वाजेल असा लावता येतो. पण तो ज्याचं काम त्याच्या फोनवर लावायचा, बरं का! आमच्याकडे सासऱ्यांच्या रात्रीच्या गोळीचा अलार्म यांच्या फोनवर वाजतो. पहिले चार दिवस ‘अगं, काहीतरी वाजतंय’ असं झालं. आता मुकाट्याने उठून गोळी देतात.

दुसरं, घरातल्या मंडळींचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करा. त्यात सुविचार नकोत, फक्त घरकामाचं. गॅसचा आणि वीजबिलाचा ग्राहक क्रमांक, डॉक्टरांच्या चिठ्ठीचा आणि गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो, किराण्याची यादी. टाइप करायचा कंटाळा येतो? कीबोर्डमध्ये मराठी निवडा, माइकचं चिन्ह दाबा आणि बोला. ‘तूरडाळ दोन किलो’ म्हटलं की लिहून येतं. जो बाजारात जाईल, तो यादी बघेल.

तिसरं, कागदपत्रं. सरकारचं डिजिलॉकर 2015 पासून आहे. आधार, गाडीचं लायसन, दहावी-बारावीची मार्कलिस्ट त्यात मिळवता येते. त्यात थेट सरकारी खात्याकडून आलेला दाखला कायद्याने मूळ कागदाइतकाच ग्राह्य असतो. आपण मोबाईलवर काढलेल्या फोटोला मात्र तो मान नाही. म्हणजे ऐन वेळी कपाट उपसणं वाचतं. पण मूळ कागद जपून ठेवायचेच हं!

आता सगळ्यात महत्त्वाचं. आठवणी वाटून घ्या, पण बँकेचा पिन नाही. 2024 पासून लाडक्या बहिणीचे पैसे कितीतरी जणींच्या स्वतःच्या खात्यात येऊ लागले. पण खातं बाईचं आणि पिन ठाऊक मुलाला, असं असेल तर ते पैसे तिचे कसे म्हणायचे? यूपीआयचा पिन स्वतः ठरवा, स्वतःच टाका. तो ग्रुपवर नको आणि फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावरही नको. एक पक्कं लक्षात ठेवा. पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. ‘पैसे पाठवतोय, पिन टाका’ असं कुणी म्हणालं, की तो ठकसेनच. फसवणूक झालीच, तर लाजत बसू नका. लगेच 1930 वर फोन करा. जितकी लवकर तक्रार, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

हे सगळं शिकताना मुलांची मदत जरूर घ्या. फक्त ‘दे, मी करून देतो’ म्हणत त्यांनी फोन हातातून घेतला, तर तो परत मागून घ्या. ‘तू सांग, मी करते,’ म्हणा. दोनदा चुकेल, तिसऱ्यांदा जमेल. गॅसची शेगडी, मिक्सर, कुकर सगळं आपण असंच तर शिकलो!