कलाकाराला नारळ नको, वर्ग द्या

आज जरा कडू लिहितोय. इंदूरच्या आपल्या मराठी शाळा चालवणाऱ्यांनी राग मानू नये. मानला तरी चालेल.

आपल्या शाळेत कलाकार येतो केव्हा? स्नेहसंमेलनाला. हार, शाल, श्रीफळ, दहा मिनिटांचं भाषण, बक्षीसवाटप, चहा-पोहे, आणि गाडीपर्यंत सोडायला दोन शिक्षक. त्याला काम करताना मुलांनी पाहिलेलंच नसतं. मराठीत 'नारळ देणे' म्हणजे काय ते सांगायला नको. दरवर्षी आपण तेच करून राहिलो आहोत.

माझं म्हणणं सोपं आहे. ज्याचं पोट कलेवर चालतं असा माणूस महिनाभर वर्गात आणा. गणिताच्या, विज्ञानाच्या, भाषेच्या तासाला, त्या विषयाच्या शिक्षकाबरोबर. महेश्वर इथून शंभर किलोमीटरच्या आत आहे. तिथल्या विणकराने सातवीच्या मुलांना साडीच्या काठाचे धागे मोजायला बसवलं, तर फळ्यावरचं गुणोत्तर बोटांत उतरेल.

हे काही परदेशी खूळ नाही. देवळालीकर मास्तरांनी १९२७ साली इंदूरला चित्रशाळा काढली. बेंद्रे, हुसेन त्यांच्याकडेच शिकले. त्यांचेच शिष्य विष्णु चिंचाळकर, म्हणजे आपले गुरुजी, वाळकी पानं आणि काटक्या घेऊन मुलांत रमायचे, आकड्यांतून चित्रं उभी करायचे. मी उभी हयात बँकेत आकडेच मांडले, पण आकड्यात पक्षी असू शकतो हे शाळेत कुणी दाखवलं नाही. आता तर २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही स्थानिक कलाकार-कारागिरांना शिकवायला घ्या असं लिहिलंय. सहावी ते आठवीला दहा दिवस बिनदप्तराचे सांगितलेत. त्याची सहल करून टाकू नका म्हणजे झालं.

"चित्रकलेचे सर आहेत ना?" आहेत, आणि राहिलेच पाहिजेत. कलाकार आणला म्हणून सरांची जागा रिकामी ठेवायची, ही काटकसर नव्हे, लबाडी आहे. सर रोजचा पाया घालतात. पण पोटासाठी चित्र काढणारा माणूस फसलेला कागद फाडून पुन्हा कसा बसतो, ते मुलांनी डोळ्यांनी बघायला हवं.

"पैसे कुठून आणायचे?" एका संस्थेचा जमाखर्च मी पाहिलाय. मंडप, दिवे, ध्वनी यांचे आकडे भरभक्कम. कलाकाराच्या मानधनाची ओळच नाही! फोकटात या, मुलांसाठी एवढं करा हो! डॉक्टरला, वकिलाला असं म्हणतो का आपण?

आणि हा प्रश्न नुसता कलेचा नाही. आपल्या शाळांचे वर्ग रोडावताहेत. विश्वस्तांचीच नातवंडं इंग्रजी शाळेत जातात आणि आपण इतरांना मातृभाषेची गळ घालतो. नुसत्या भावनेवर कुणी पोराचं नाव घालत नाही. वर्गात काही घडत असेल तर घालतील.

म्हणून पुढच्या वर्षी मंडप लहान करा. एक कलाकार, एक वर्ग, चार आठवडे, आणि मानधन आधी ठरवून, चेकने. मुलांनी केलेलं काम दर्शनी भिंतीवर लावा. माजी अध्यक्षांच्या तसबिरी थोड्या सरकवाव्या लागतील, सरकवा.

हे जमणार नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी कारण लिहून कळवावं. हिशेबासकट उत्तर देईन.