एका नकाशावर दोन लेखण्या

एकत्र कुटुंबांत नांदलेल्या गृहिणीस हें सांगावें लागत नाहीं कीं, आमटींत मीठ घालण्याचें काम एकीकडेच असावें. थोरल्या जावेनें मीठ घातलें, आणि तें ठाऊक नसल्यामुळें धाकटीनेंही घातलें, म्हणजे दोघींचा हेतु निर्मळ असूनही ती आमटी तोंडांत धरवत नाहीं. भांडण कोणींच केलेलें नसतें. एकीचें काम दुसरीच्या दृष्टीस पडलें नाहीं, एवढाच काय तो दोष. दूरदूरच्या गांवीं बसून एकाच नकाशावर काम करणाऱ्या मंडळींवर हाच प्रसंग आज वरचेवर येतो. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें, सुना, जांवई ह्या व्यवसायांत आहेत. आणि ज्यांचीं नाहींत त्यांनाही केव्हां ना केव्हां घर बांधावयाचें असतेंच. म्हणून ह्या खेपेस आम्हीं हा विषय घेतला आहे.

पूर्वीं मूळ नकाशा पारदर्शक कापडावर शाईनें काढीत. तो एकच असे व कचेरीच्या कपाटांत राही; कामावर जात त्या त्याच्या निळ्या प्रती. सुधारणा करणारास मूळ मागून घ्यावें लागे, आणि तें एकाच्या मेजावर असतां दुसऱ्याच्या हातीं पडणें शक्यच नव्हतें. संगणकानें हा स्वाभाविक अडसर काढून टाकला. समजा, पुण्याच्या अभियंत्यानें सकाळीं दहा वाजतां नकाशा उघडला, व साडेदहा वाजतां बंगळूरच्या सहकाऱ्यानें तोच उघडला. बारा वाजतां पहिल्यानें जिना दोन फूट सरकवून नकाशा परत ठेवला. एक वाजतां दुसऱ्यानें खिडक्या बदलून आपला ठेवला. परंतु त्याच्या प्रतींत जिना जुन्याच जागीं होता. शेवटीं ठेवणाराचें राहतें, आधींच्याचें पुसलें जातें, आणि यंत्र चकार शब्द काढीत नाहीं.

कोणी म्हणेल, दोघांच्या सुधारणा एकत्र कां करूं नयेत? लिहिलेल्या मजकुराच्या बाबतींत तें पुष्कळसें साधतें. ओळीशीं ओळ ताडून यंत्र जुळणी करूं शकतें. नकाशाचें तसें नाहीं. भिंत हलली कीं तींतील खिडकी, खिडकीवरील तुळई, तुळईखालचा खांब, सर्वांचाच हिशेब बदलतो. दोन चांगल्या सुधारणांची बेरीज कधीं कधीं एक वाईट नकाशा होते. म्हणून तंटा मिटविण्यापेक्षां तो होऊंच न देणें श्रेयस्कर.

पहिला उपाय कुलपाचा. ऑटोकॅड ह्या सुप्रसिद्ध साधनांत नकाशा उघडतांच त्याच्या शेजारीं एक लहानशी खुणेची फाइल तयार होते, आणि दुसरा कोणी तो उघडूं लागल्यास नकाशा कोणाकडे आहे हें त्यास कळतें. त्याला तो केवळ पाहतां येतो. एका कचेरींत हें उत्तम चालतें. परंतु दोन गांवीं दोन स्वतंत्र प्रती असल्या, तर पुण्याचें कुलूप बंगळुरास दिसणार कसें? ड्रॉपबॉक्ससारख्या सेवा अशा वेळीं दोन्ही प्रती राखतात व एकीच्या नांवास 'विरोधी प्रत' अशा अर्थाची पुस्ती जोडतात. काम बुडत नाहीं हें खरें. पण ग्राह्य कोणती, हें ठरविण्याचें ओझें माणसावरच पडतें.

नकाशे न जुळल्यास काय किंमत पडते, ह्याचें प्रसिद्ध उदाहरण म्हणजे एअरबसचें ए-३८० हें दुमजली विमान. त्याचे भाग निरनिराळ्या देशांत बनत आणि अखेरची जुळणी फ्रान्समधील तुलूझ येथें होई. एकेका विमानांत सुमारें ५३० किलोमीटर लांबीच्या विजेच्या तारा असत. जर्मनींतील हँबुर्गचे आरेखक कॅटिया ह्या साधनाची चौथी आवृत्ति वापरीत, तुलूझचे पांचवी. आणि एकींतला नकाशा दुसरींत जसाच्या तसा उतरत नसे. जुळणीच्या वेळीं तारा आंखूड पडूं लागल्या. येथें कोणी कोणाचें काम पुसलें नव्हतें. परंतु मूळ रोग तोच, सर्वांसमोर एकच नकाशा नव्हता. २००६ च्या जून महिन्यांत विलंबाची वार्ता जाहीर होतांच मालक कंपनीच्या शेअरांचा भाव एका दिवसांत सुमारें एक चतुर्थांशानें कोसळला. पहिलें विमान ग्राहकाच्या हातीं पडलें तें २००७ च्या ऑक्टोबरांत, मूळ मुदतीनंतर सुमारें दीड वर्षानें.

मग नियम कोणते? आमच्या मतें चार पुरेत. पहिला, मुळाची जागा एक असावी व ती सर्वांस ठाऊक असावी. ई-मेलनें ज्याला त्याला नकाशा पाठविणें म्हणजे दर वेळीं नवें मूळ जन्मास घालणें होय. दुसरा, नकाशा घेतांना नोंद व्हावी आणि परत ठेवतांना काय बदललें तें लिहावें. अशी वही ठेवून एका वेळीं एकासच लेखणी देणारीं साधनें आतां आहेत. परंतु कुलूप लावून रजेवर जाणारास कोणतेंही साधन आवरूं शकत नाहीं. जर्मनींत कचेरी उघडते तेव्हां आपल्याकडे दुपार होत आलेली असते; म्हणून घरीं जाण्यापूर्वीं नकाशा सोडणें हा येथला शिष्टाचार. तिसरा, कामाची वांटणी करावी. खांब एकाकडे, वीज दुसऱ्याकडे, नळ तिसऱ्याकडे. दुसऱ्याचा भाग पाहतां यावा, पण त्यास हात लागूं नये. रेविट ह्या साधनांत तर मध्यवर्ती नकाशांतून एकेक भिंत वा दार 'उसनें' घेतां येतें व काम होतांच परत करावें लागतें. चौथा, नकाशाच्या कोपऱ्यांतील चौकटींत सुधारणेचा क्रमांक व दिनांक असावा, आणि जुन्या प्रतीवर 'रद्द' असें ठळक लिहावें.

घर बांधणाऱ्या कुटुंबानें हा चौथा नियम विशेष जपावा. वास्तुविशारद एका गांवीं, खांब-तुळयांचा हिशेब करणारा दुसऱ्या, आणि पैसे पाठविणारा मुलगा परदेशीं, असा आज प्रकार असतो. व्हॉट्सॲपवरून नकाशे फिरत राहतात. गवंड्याच्या हातीं मात्र गेल्या महिन्याचा नकाशा असतो. भिंत उठल्यावर कळतें कीं, आजींच्या खोलीचें दार रुंद करावयाचें ठरलें होतें तें अरुंदच राहिलें, आणि चाकांची खुर्ची आंत जात नाहीं. चूक कोणाची ह्याचा निवाडा पुढें होईल तेव्हां होवो. भिंत पाडण्याचा खर्च तूर्त घरधन्यासच सोसावा लागतो. म्हणून कामावर जाल तेव्हां सिमेंटचीं पोतीं मोजण्याआधीं गवंड्याजवळच्या नकाशाचा कोपरा वाचा, आणि हा अखेरचाच क्रमांक ना, असें वास्तुविशारदास विचारून घ्या.